पारदर्शक सोवळं

आंजर्ल्यात आत्याच्या घरी वस्तू स्वच्छ करण्याचे पाच मार्ग मान्य आहेत: राख, चिंच, काथ्या, उकळतं पाणी आणि ऊन. या पाचांत समई, ताकाची रवी, लोणच्याच्या बरण्या आणि मुंबईहून आलेले भाचे असं सगळं लख्ख निघतं. माझा दातांचा रिटेनर मात्र या पाचांपैकी एकालाही पुरून उरणारा नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी दात सरळ करून घेतले, हेच मुळात आत्याला पटलेलं नाही. "आता कोणाला दाखवायचेत?" हा तिचा पहिला प्रश्न. "बरं, झाले ना सरळ? मग ही काचेची कवळी कशाला?" हा दुसरा. पलीकडच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले. तेव्हापासून असेल किंवा आधीपासून, पण या बाजूची माणसं अर्धवट उत्तर स्वीकारत नाहीत. मग मी सांगितलं की दात हे चाकरमानी आहेत. मुंबईत कितीही बस्तान बसलं तरी चतुर्थी आली की त्यांना गाव ओढतं. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेला रुळायला महिनोन्‌महिने घेतात आणि पुढेही दातांचा काही भरवसा नसतो. म्हणून दिवसाही हा घालायचा आणि रात्री तर घालूनच झोपायचं.

"म्हणजे रजा नामंजूर करणारा साहेब," अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले. अण्णा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांना लगेच समजलं.

या साहेबाचा इतिहास फार जुना नाही. तारेचा आणि टाळूला टेकणारा तुकडा असलेला रिटेनर चार्ल्स हॉली या अमेरिकन डॉक्टरने १९१९ साली मांडला. लुइझियानातल्या जॉन शेरिडन यांनी आरपार दिसणारा अवतार आणला तो १९९३ साली. प्लास्टिकचा मिलिमीटरभर जाडीचा पत्रा तापवून मऊ करायचा, दातांच्या साच्यावर टाकायचा आणि खालची हवा ओढून घ्यायची, की तो साच्याला घट्ट बिलगतो. अडचण अशी की तापून घेतलेला आकार पुन्हा तापला की जातो. यातलं बरंचसं प्लास्टिक ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आत्याचा बंब पहाटे पाचपासून त्याच तयारीत असतो.

"तोंडातली वस्तू. उकळल्याशिवाय शुद्ध कशी होईल?"

"आत्या, उकळली तर वाकडी होईल."

"मग उन्हात ठेव." अंगणात सुपारी वाळत होती, शेजारी आमसुलं. त्यांच्या पंक्तीला माझे वरचे-खालचे दात मांडायला तिची ना नव्हती.

ऊन नाही, राखुंडी नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. पेस्टमध्ये दात घासायला बारीक खर असते. दाताचं कवच ती सोसतं, प्लास्टिकवर मात्र ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत जंतू बिऱ्हाड करतात. लागतं ते एवढंच: विहिरीचं गार पाणी, मऊ ब्रश आणि साध्या पातळ साबणाचा थेंब. तेही तोंडातून काढल्या काढल्या, लाळ वाळायच्या आत. हे ऐकून आत्याचा चेहरा पडला. ज्यात कष्ट नाहीत त्या स्वच्छतेवर तिचा विश्वास नाही.

तरी विहिरीच्या कठड्यापाशी तिने चष्मा लावून, उजेडाकडे धरून रिटेनर तपासलाच. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला खडूसारखा पांढुरका पट्टा होता. लाळेच्या ग्रंथी तिथेच जिभेखाली उघडतात, लाळेतलं कॅल्शियम तिथेच बसतं आणि त्याचं कीटण होतं. "हे बघ! चिंच लाव, तांब्यासारखं निघेल." इथे आत्याला पूर्ण चूक म्हणणं अन्याय होईल. कॅल्शियमला आंबटच लागतं. डॉक्टरही पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवायला सांगतात. तत्त्व बरोबर, रंग चूक. चिंचेने प्लास्टिक असं तपकिरी होईल की माणूस जन्मभर तंबाखू खातो असं वाटावं.

रंगाची खरी परीक्षा जेवणात होते. हळद तर प्लास्टिकवर जीव टाकते. आणि कोकम सरबत रिटेनर घालून प्यायलं, तर आंबट आणि गोड दोन्ही आत दाताशी अडकून बसतात, लाळ धुवायला पोचत नाही. म्हणजे पाण्याखेरीज काहीही घ्यायचं तर आधी रिटेनर काढायचा. आत्याच्या घरी दर अर्ध्या तासाने काहीतरी पुढे येतं: घावन, चहा, फणसाचे गरे, पुन्हा चहा, "अर्धा कप घे". साहेब दिवसभर रजेवरच.

आणि काढून ठेवायचा कुठे? शहरात लोक कागदी रुमालात गुंडाळतात आणि तो रुमाल कचऱ्यात जातो. इथे केळीचं पान. पानाच्या कडेला ठेवलेला पारदर्शक रिटेनर मिठाशेजारी दिसतसुद्धा नाही, आणि जेवणं उरकली की पानं थेट गोठ्यात. गाईच्या मुखात माझे सरळ दात ही कल्पना पुण्याची वाटली तरी खर्चाची आहे. शेजारच्या मोत्यालाही लाळेच्या वासाचं भारी आकर्षण. म्हणून भोकं असलेली डबी, आणि ती डबी फळीवर.

संध्याकाळी कासवाची पिल्लं सोडायची होती. टोपली उचलली, मूठभर ऑलिव्ह रिडले वाळूवरून समुद्राकडे निघाली. "किनाऱ्यावर कोणी प्लास्टिक आणू नका हो," असं स्वयंसेवकाने बजावलं आणि मी तोंड मिटून घेतलं. आत्याने मात्र माझ्याकडे बोट दाखवलं.

रात्री मी पेल्यात कवळीची गोळी टाकली. पाणी फसफसलं. आत्याने पदर सावरून पेला जवळ ओढला. आवाज, फेस, बुडबुडे: अखेर कष्ट दिसले. तिने एक गोळी मागून घेतली. मला वाटलं, स्वतःच्या कवळीसाठी. सकाळी ती स्वयंपाकघरातून हाक मारत आली.

"अरे, पुढच्या वेळी दोन पाकिटं आण. अण्णांचा थर्मास काय निघालाय!"