खान्देशातील वीजबचत : व्याख्या, प्रकार व उपयोग

खान्देशात वीजबचत म्हणजे रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे आणि तो चालू ठेवणाऱ्याला बोलणे. यातला दुसरा भाग अधिक जोमाने पार पडतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत बचतीचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि मे महिन्याचे लाइट बिल हाती पडते त्या दिवशी ऐन भरात येतो. त्या संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष स्वयंपाकघर, देवघर, जिना, मोरी अशा क्रमाने बटणे बंद करत फिरतो आणि दमला की एसीच्या खोलीत येऊन बसतो.

ज्या बल्बवरून हे रामायण घडते तो आता ९ वॅटचा एलईडी असतो. २०१५ साली उजाला योजना आली, ६० वॅटचा पिवळा बल्ब गेला, पण त्याच्या काळातला धाक घरात तसाच राहिला. जिन्यातला हा बल्ब रोज दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटे होत नाहीत. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की सुमारे दीड हजार वॅट ओढतो. त्याच्या एका तासाच्या विजेत तो बल्ब जवळजवळ आठवडाभर अहोरात्र जळेल. हिशेब अवघड नाही. सराफ बाजारात घट आणि मजुरीवरून मिलिग्रॅमपर्यंत हुज्जत घालणारे जळगावकर एसीच्या पट्टीवर छापलेला वॅटचा आकडा मात्र सहसा वाचत नाहीत.

बिलाचा कागद त्याहून कमी वाचला जातो; पाहिला जातो तो फक्त खालचा मोठा आकडा. वर काय असते ते पाहण्याजोगे आहे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे ४ रुपये ७१ पैशांनी, पुढची ३०० पर्यंतची १० रुपये २९ पैशांनी, ५०० पर्यंतची १४ रुपये ५५ पैशांनी आणि त्यावरची १६ रुपये ६४ पैशांनी होती. ३०० च्या वर एक युनिट गेले की सगळीच युनिटे महाग होतात, ही ओट्यावरची ठाम समजूत चुकीची आहे; ज्या टप्प्यातले युनिट, त्याला त्याच टप्प्याचा दर. पण यातूनच कामाची गोष्ट निघते. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असते. त्या वर्षीच्या दराने २६० युनिटे वापरणाऱ्या घराने एक युनिट कमी केले, तर १० रुपये २९ पैसे, त्यावरचा १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि या दोन्हींवरचे १६ टक्के वीज शुल्क मिळून तेरा रुपयांच्या वर रक्कम वाचत असे. पाव किलो मेथीसाठी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यास हरकत नाही.

खरा खर्च उन्हाचा आहे. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, धुळे फार मागे नसते. या उन्हावरचा जुना खान्देशी उपाय होता धाब्याचे घर : मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी पाटईवर मातीचा थर. त्यात दुपारी झोप लागत असे आणि मीटर नव्हताच. पुढे सुबत्ता आली, धाबे पाडून स्लॅब टाकला गेला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. मग ती बाहेर काढायला यंत्र घ्यावे लागते, यंत्राला हप्ता लागतो आणि हप्त्याबरोबर बिल येते. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर स्लॅब कमी तापतो. पण चुन्याच्या डब्यावर तारांकन नसते आणि तो पाहुण्यांना दाखवता येत नाही.

कूलर या प्रदेशासाठीच जन्मला आहे. हवा कोरडी असली की पाणी झपाट्याने उडते आणि हवा गार होते. म्हणून कोकणात निकामी ठरणारे हे यंत्र इथे सुमारे दोनशे वॅटमध्ये काम करते. त्याची अट एकच, आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी. ती बहुतेक घरांत पाळली जात नाही. गारवा पळून जाईल म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात, तासाभरात खोलीत दमट वाफ साठते आणि ‘कूलर काही कामाचा नाही’ असा निकाल देऊन कुटुंब एसीच्या दुकानात जाते. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने दगड झालेले पॅड दोन उन्हाळे न बदलल्याचा उल्लेख त्या निकालपत्रात नसतो.

तारांकित एसी २०२० पासून कारखान्यातूनच २४ अंशांवर बसवून येतो. घरात आल्यावर रिमोट पहिल्यांदा ज्याच्या हाती लागतो तो एसी १८ वर नेतो आणि अंगावर रजई घेतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हाही भ्रमच. यंत्र तेवढ्याच ताकदीने, फक्त जास्त वेळ चालते. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. रजई कमी केल्यानेही तेवढीच वाचेल.

पंख्याकडे कुणी पाहत नाही, कारण तो दिसत असला तरी डोळ्यांत भरत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज वीस तास फिरला तर महिन्याला ४५ युनिटे. बीएलडीसी पंख्याला तीसेक वॅट पुरतात, म्हणजे एका पंख्यामागे २७ युनिटे वाचतात. वरच्या दराने हे साडेतीनशे रुपये झाले.

हिवाळ्यात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि गीझरची पाळी येते. दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासाला एक युनिट खातो. सकाळी पहिला उठणारा तो चालू करतो. शेवटचा उठणारा कधी उठेल हे ठरलेले नसल्याने तो चालूच राहतो.

आकडा टाकणे हा बचतीचा आणखी एक प्रचलित प्रकार. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ नुसार ती चोरी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून येथे त्याचे अधिक विवेचन केलेले नाही.

गंमत अशी की या भागात विजेचे कारखाने डोळ्यांसमोर आहेत. दीपनगरला कोळशाची, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या टेकड्यांवर वाऱ्याची आणि शिवाजीनगरला उन्हाची वीज तयार होते. आता ऊन गच्चीवरही उतरले आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते आणि खान्देशच्या उन्हात ही यंत्रणा महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे देते. ‘लाइट आता फुकट शे’ असे गल्लीत जाहीर होते आणि दुसऱ्या खोलीतही एसी बसतो. मग ग्राहक पुन्हा पूर्वीच्याच टप्प्यात.

युनिटे शून्यावर आली तरी स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क लागतेच. त्यावर कोणताही उपाय नाही. कागदी बिल नको असे कळवल्यास बिलामागे १० रुपयांची सूट मात्र मिळते आणि तिच्यासाठी घरातले एकही बटण बंद करावे लागत नाही.