इतर कारणे (कृपया लिहा)

किशोरवयीन मुलांची झोप आणि मनःस्वास्थ्य या विषयातला संशोधन साहाय्यक म्हणजे प्रश्न ज्याचे नाहीत, उत्तरे ज्याची नाहीत आणि निष्कर्षावरही ज्याचा हक्क नाही, असा मधला माणूस. प्रश्न पिट्सबर्गला तयार झालेले असतात, उत्तर अकरावीतल्या मुलाचे असते आणि निष्कर्ष प्रमुख संशोधकांचा. साहाय्यकाच्या वाट्याला क्लिपचे पॅड, गळ्यातले ओळखपत्र आणि पेट्रोलचा खर्च येतो. नेमणूक अकरा महिन्यांची असते. वर्धा शहराला चिकटून असलेल्या बोरगाव (मेघे) येथे प्रस्तुत नोंदीच्या लेखकाने असे अकरा महिने काढले. त्यामुळे या नोंदीत निरीक्षण आणि तक्रार यांची थोडी सरमिसळ झाली आहे.

पदनामाचा पहिला परिणाम घरात दिसतो. आई नातेवाइकांना ‘पोरगा मेडिकलमध्ये आहे’ असे सांगते; ते खोटे नसते, पण त्यातून नातेवाइकांना जे कळते तेही खरे नसते. साहाय्यक ओळखपत्र रविवारी भाजी आणतानाही गळ्यात ठेवतो. गावात कोणी ‘डॉक्टरसाहेब’ म्हटले, तर पहिल्या आठवड्यात तो चूक दुरुस्त करतो, दुसऱ्या आठवड्यात नुसता हसतो, तिसऱ्यापासून ओ देतो. चौथ्या आठवड्यात एखादे आजोबा झोपेच्या गोळ्या मागतात, तेव्हा आपण डॉक्टर नाही हे त्याला अचानक आठवते. एरवी गावाच्या लेखी तो ‘सर्वेवाला’ असतो. २०२४ पासून तर फॉर्म घेऊन दारात उभा राहणारा माणूस ‘लाडकी बहीण’ योजनेचाच समजला जातो. “हे कोणत्या योजनेचं होय जी? पैसे कधी जमा होतील?” योजना नाही, पैसे नाहीत, मुलगा किती वाजता झोपतो एवढेच विचारायचे आहे, असे सांगितल्यावर पाणी येते. चहा आधीच्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होता.

या पदाला इतिहास आहे आणि तो साहाय्यकांनी पाठ करावा असा आहे. १९३८ साली शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघे केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. चोवीसऐवजी २८ तासांचा दिवस माणसाच्या शरीराला मानवतो का, हे त्यांना पाहायचे होते. उंदीर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत ठेवले होते. विद्यार्थ्याचे शरीर नव्या दिवसाला रुळले, गुरूंचे रुळले नाही. विज्ञानाच्या इतिहासात साहाय्यकाने साहेबांपेक्षा चांगले झोपून दाखवल्याची ही ठळक नोंद. झोपेच्या शास्त्राचे जनक म्हणून नाव अर्थात क्लाइटमन यांचेच झाले. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा चिकटवून झोपवले आणि झोपेत डोळे भराभर हलतात तो टप्पा शोधून काढला. १९५३ च्या त्या लेखात पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे. हे प्रमुख संशोधकांनीही लक्षात ठेवले तर हरकत नाही.

साहाय्यकाची साधने कागदी असतात. मुख्य साधन म्हणजे पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता निर्देशांक. डॅनियल बायसी आणि सहकाऱ्यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९ प्रश्न असतात, गुण शून्य ते २१ पर्यंत मिळतात आणि पाचाच्या वर गेले की झोप वाईट ठरते. परीक्षेत जन्म घालवलेल्या मुलांना जास्त गुण म्हणजे वाईट हे पटवताना साहाय्यकाचा पहिला महिना जातो. दुसरे साधन दिवसाच्या पेंगेचे. मरे जॉन्स यांच्या १९९१ च्या या एपवर्थ मापनात आठ प्रसंग दिलेले असतात आणि त्यांत कितपत डुलकी लागते ते सांगायचे असते. एक प्रसंग असा, की आपण मोटारीत आहोत आणि ती रहदारीत काही मिनिटे थांबली आहे. बोरगावातल्या एका मुलाने यावर बराच विचार करून विचारले, “मोटार कोणाची?”

पिट्सबर्गच्या पाचव्या प्रश्नात झोपमोडीची कारणे येतात. मध्यरात्री जाग येणे, लघवीला उठणे, श्वास नीट न घेता येणे, खोकला किंवा घोरणे, फार थंडी वाजणे, फार गरम होणे, वाईट स्वप्ने, वेदना. शेवटी एक ओळ: इतर कारणे, कृपया लिहा. यादीत डास नाहीत. लाइन जाणे नाही. आणि कूलर नाही.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा झोप हा मेंदूचा विषय राहत नाही, तो कूलरचा विषय होतो. कूलर ही खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी. तीन बाजूंनी वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुश्याच्या ताट्या, तळाशी टाकी, टाकीत पंप आणि मधे विमानासारखा आवाज करणारा पंखा. ओल्या ताट्यांतून हवा आत येताना ताट्यांतले पाणी उडते, उडताना हवेतली उष्णता घेते आणि झोत गार होतो. हवा कोरडी असेतोवर हे चालते. जूनचा पहिला पाऊस पडला की तीच पेटी नुसती चिकट हवा फेकते आणि घर तिच्याकडे निवृत्त नोकरदारासारखे पाहू लागते. झोताची वाटणी हे घराचे अलिखित संविधान आहे. समोरची जागा आजारी माणसाची, नसल्यास पाहुण्यांची, बारावीच्या वर्षी मात्र परीक्षार्थीची. सुनेची जागा झोत संपतो तिथून सुरू होते. ओल्या हाताने कूलरला शिवू नये, हे विदर्भातल्या मुलाला पाढ्यांआधी शिकवतात. म्हणून पाणी टाकण्यापूर्वी बटण बंद करावे लागते. बटण बंद झाले की तो आवाज थांबतो आणि आवाज थांबला की घर जागे होते. आवाजाने नव्हे, शांततेने झोपमोड होणारी ही माणसे पिट्सबर्गच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. शिवाय टाकी रात्री दोनच्या सुमाराला संपते, पंप कोरडा घरघरतो आणि अंथरुणातले सगळे जण दुसरा कोणी उठेल या आशेने डोळे मिटून पडून राहतात. हा काळ झोपेत धरावा की जागेपणात, यावर साहाय्यकाने वरिष्ठांना विचारणा केली होती. उत्तर आले नाही. नोंदीच्या मर्यादेत कूलरला एवढी जागा देणे नियमाला धरून नाही, पण लेखकाला कूलरविषयी बोलण्याची संधी अकरा महिन्यांत एकदाही मिळाली नव्हती.

मुलांच्या झोपेचे शास्त्र त्यामानाने सोपे आहे. वयात येताना शरीरातले घड्याळ मागे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन संध्याकाळी उशिरा वाढू लागते. मेरी कारस्कॅडन यांनी यावर दीर्घ काळ काम केले आहे. हा कल विशीच्या आसपास पुन्हा उलटतो. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीच्या २०१६ च्या शिफारशीनुसार १३ ते १८ या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सुचवले. महाराष्ट्र शासनानेही मुलांच्या झोपेचा विचार करून फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय काढला, तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. म्हणजे जी मुले सहाला आपण होऊन उठून आईच्या पोटावर बसतात, त्यांना झोपू दिले. ज्यांना खरोखर उठवत नाही, ती सहाच्या शिकवणीला जातात.

त्यात हा जिल्हा वर्धा. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि आश्रमातली पहाटेची प्रार्थना साऱ्या पंचक्रोशीच्या मनात बसली. इथे नऊला उठणाऱ्या मुलाचे मेलॅटोनिन उशिरा वाढते असे कोणी म्हणत नाही. मुलगा वाया गेला असे म्हणतात. बापाचे निदान एका शब्दाचे असते. “मोबाइल! पोट्टं रातभर त्यातच घुसून रायते.” निदान अगदीच चूक नसते, अडचण एवढीच, की ते बाप स्वतःच्या मोबाइलवरून नजर न काढता सांगतो. पोलीस भरतीची मुले मात्र याला अपवाद. सोळाशे मीटर धावण्यासाठी ती पहाटे चारला मैदानावर असतात, साडेनऊला आडवी होतात आणि त्यांचे गुण इतके चांगले येतात की साहाय्यकाला मत्सर वाटतो. त्याचे स्वतःचे गुण १२ होते.

कागदाखेरीज एक यंत्रही असते. मनगटावर बांधायचे, हालचाल मोजणारे. हालचाल थांबली की ते माणसाला झोपलेला समजते. निपचित पडून छताकडे पाहणारा जागा माणूसही त्याच्या लेखी गाढ झोपेत असतो. मुलांना यंत्राची सवय व्हावी म्हणून साहाय्यकाने ते आधी स्वतः बांधून मिरवले. टपरीवर दोघांनी किंमत विचारली, त्याने ती वाढवून सांगितली. आठवड्याने यंत्रातली माहिती संगणकावर उतरवली, तेव्हा त्याची आठवड्यातली सर्वांत सलग आणि शांत झोप मंगळवारी दुपारी तीन ते सव्वाचार या वेळात दिसली. ती प्रकल्पाच्या आढावा बैठकीची वेळ होती. आपण एकाग्रतेने ऐकत होतो, असा त्याचा खुलासा आहे. आलेखावर खुलाशाला जागा नसते.

अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रश्न विचारण्यापूर्वी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तसे सांगतात. “सही कायले पायजे? जमिनीचं तर नाही ना?” इथपासून ते काम सुरू होते. त्याहून अवघड अट एकांताची. प्रश्न एकांतात विचारावेत असे सूचनापत्रात लिहिलेले असते. दोन खोल्यांच्या घरात एकांत म्हणजे आई स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी असणे. आजी तर उघडपणे खुर्ची सरकवून बसते आणि उत्तरेही देते. शेवटी मुलाला घेऊन कडुनिंबाखाली जावे लागते, तिथे त्याचे मित्र जमतात.

एकांत हवा असतो तो मुख्यतः एका प्रश्नासाठी. उदासी मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या यादीत नववा प्रश्न, आपण नसतो तर बरे किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत कितीदा आले, हे विचारतो. आवाज बदलायचा नाही, नजर चुकवायची नाही, पुढच्या पानाची घाई करायची नाही, हे साहाय्यकाला शिकवलेले असते. ‘अजिबात नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर आले, की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवायचे, मुलाला एकटे सोडायचे नाही, लगेच वरिष्ठांना कळवायचे आणि त्याच दिवशी त्याची डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. २०२२ पासून टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही प्रत्येकाच्या हातात देता येतो. विचारल्याने असा विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती पालकांना असते; अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. सराव करताना हा प्रश्न साहाय्यकाला फार सहज विचारता येत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. मग कडुनिंबाखाली एका मुलाने उत्तर देण्याआधी विचारले, “हे सगळ्यायलेच विचारता का, सर?” हो म्हटल्यावर तो सैल झाला. “मले वाटलं, माझ्या तोंडावरून ओळखलं.” त्या दिवशी पुढची दोन घरे झाली नाहीत. रोजच्या उद्दिष्टात दोन कमी पडल्याची नोंद वरच्या कार्यालयात आहे.

भरलेले फॉर्म संध्याकाळी संगणकात चढतात. प्रत्येक उत्तराला आकडा असतो. ‘इतर कारणे’ या ओळीपुरता आकडा फक्त किती वेळा याचा असतो; कारण काय, ते लिहायला तक्त्यात रकाना नाही. मे महिन्यात एका अकरावीच्या मुलीने त्या ओळीवर बारीक अक्षरात लिहिले होते: आजोबा कूलरसमोर झोपतात, पाणी संपलं की त्यांना धाप लागते, म्हणून मी दोनला उठते. आठवड्यातून तीन वेळा किंवा जास्त. तिचे एकूण गुण नऊ झाले. झोप वाईट. घरातले बाकी सगळे डोळे मिटून पडून राहतात तेव्हा उठणारी मुलगी तक्त्यात खाली घसरली आणि तिने लिहिलेले वाक्य ‘३’ झाले. एक रकाना वाढवावा, अशी विनंती साहाय्यकाने केली. तसे केल्यास बाहेरच्या माहितीशी तुलना करता येणार नाही, असे त्याला समजावून सांगण्यात आले, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते. त्याने मान हलवली. मनगटावर यंत्र असते तरी ती हालचाल नोंदली गेली नसती.

त्यानंतर तो फॉर्म जमा करण्यापूर्वी ती एक ओळ नावाशिवाय एका वहीत उतरवू लागला. डास. लाइन गेली. बाबा यायचे होते. कुत्री. शेजारी भांडण. मोबाइल, हे लिहून खोडलेले. बाबा यायचे होते, पुन्हा. सहाच्या शिकवणीला उठायचं या भीतीने. कूलरचं पाणी. उंदीर, इथे गुहेतल्या क्लाइटमनांची आठवण झाली. माहीत नाही, नुसतं जाग येते.

अकरा महिने पूर्ण झाल्यावर साहाय्यकाकडून प्रकल्पाच्या वस्तू यादीप्रमाणे परत घेतल्या जातात: ओळखपत्र एक, क्लिपचे पॅड एक, मनगटी यंत्रे चार्जरसह, कोरे फॉर्म मोजून. वही यादीत नव्हती, म्हणून ती कोणी मागितली नाही.