घासेल शे!

जगातलं कुठलंही जुनं नाणं नानांच्या पुढ्यात ठेवा, निकाल आधीच लागलेला असतो. "घासेल शे!", म्हणजे घासलेलं आहे. मग नाणं प्रत्यक्ष तळहातावर असो, नाहीतर कुठल्या तरी लांबच्या विक्रेत्याने मोबाइलवर टाकलेला त्याचा फोटो असो. अपवाद एकच. नाणं नानांच्या स्वतःच्या डब्यातलं असेल, तर ते कालच टांकसाळीतून बाहेर पडलेलं असतं.

नाना हे एकाच गृहस्थाचं नाव समजू नये. सुरतेच्या नवागाम-डिंडोली पट्ट्यात खानदेशातली माणसं दाटीने राहतात. तापीचं पाणी जिकडून आलं, साधारण तिकडूनच तीही आली, उधना-जळगाव लाइनीच्या गाडीत बसून. लूम्सच्या खात्यांत लागली, साड्यांच्या गोदामांत लागली. येताना पत्र्याच्या ट्रंकेत आजीचे दोन-चार बंदे रुपयेही आले. रुपये आले म्हणजे पारखणारा आलाच. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे अण्णा. आमच्या गल्लीत तो नाना.

नानांची आयुष्यभराची नोकरी ग्रे कापड तपासण्याची. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि नाना तुटलेली तार, तेलाचा डाग, सुटलेला धागा हेरायचे. ज्याला आयुष्यभर दोष शोधण्याचाच पगार मिळाला, त्याला निवृत्तीनंतर गुण दिसू लागतील ही आशा घरच्यांनीही ठेवली नव्हती. पहिले काही महिने नानांनी पोळ्या तपासल्या. मग मुलाने शहाणपणाने त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यात जुनी नाणी विकायला असतात हे नानांना कळलं, आणि सूनबाईंनी कानबाईला नारळ चढवला.

वराछ्याकडच्या एका रत्नकलाकाराकडून नानांनी दहापट मोठं दाखवणारा आयग्लास मिळवला आहे. हिऱ्यातला डाग हेरायचं ते भिंग. नाना ते डोळ्याशी धरून मोबाइलच्या काचेला भिडवतात. तसं केलं की नाणं दिसत नाही, पडद्याचे लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. "टोनिंग आहे," नाना पुटपुटतात. "इंद्रधनुष्यासारखं. पण केमिकलनं आणेल." जुन्या चांदीवर वर्षानुवर्षांच्या हवेने रंगांची झाक चढते, शौकीन तिला जास्त पैसे मोजतात आणि लबाड ती औषधाने चढवतात, हे नानांना पक्कं ठाऊक आहे. ठिपके मोबाइलचे आहेत एवढंच ठाऊक नाही.

पण म्हणून त्यांना कच्चं समजण्यात अर्थ नाही. फोटोवरून नाणं कसं वाचावं याची त्यांची तत्त्वं चेष्टा करता करता माझीही पाठ झाली आहेत. झीज आधी उंच भागांवर येते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटाचे मणी, मिशी आणि कान बघायचे. राणीछाप असेल तर केस आणि अंगावरचं वस्त्र. उंच भाग सपाट झालेले आणि सखल भाग मात्र आरशासारखा, असं दिसलं की नाणं भरपूर फिरलेलं आहे आणि वर पितांबरीने उजळलेलं आहे. टांकसाळीची मूळ झळाळी नाणं कलतं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासून आणलेली चमक मख्ख बसून राहते आणि तिच्यात केसाएवढ्या बारीक रेघा दिसतात. म्हणून नाना फोटोवर भागवत नाहीत, नाणं फिरवतानाचा व्हिडिओ मागतात. एकाने पाठवलेल्या व्हिडिओत नाणं टेबलावर स्थिर होतं आणि विक्रेताच त्याच्याभोवती फिरत होता.

मग कडेचा फोटो. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेवर सांध्याची रेघ राहते आणि अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. मग काट्यावर ठेवलेला फोटो. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या रुपयापासून सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयापर्यंत वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ च्या रुपयात निकेल आणि वाघ आला. हे आकडे नाना विक्रेत्याला फोनवर ऐकवतात. वजन पंधरा ग्रॅम भरलेल्या एका रुपयाचा मालक त्यांना म्हणाला, "काका, जुन्या काळी चांदी जड असायची." भरपूर चांदीचा शेवटचा म्हणून १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे १९३८ मधल्या ८ वर कोरणी चालवण्याचा मोह कोणाला तरी होणारच. जाहिरातीत ३९ दिसलं की नाना रुपया पाहतच नाहीत, ९ चं शेपूट पाहतात.

खरं सांगायचं तर ते नाण्यापेक्षा जाहिरात बारकाईने वाचतात. 'रेअर' लिहिलं असेल तर नाणं साधं. 'व्हेरी रेअर' असेल तर आपल्याही घरात आहे. तीनदा 'व्हेरी' म्हणजे हमखास भोकाचा पैसा. महायुद्धात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडून १९४३ ते १९४७ एवढा काढला, की पोरांच्या करदोट्यात ओवूनही उरला. 'आजोबांच्या पेटीत सापडलं' याचा अर्थ गेल्या महिन्यात घाऊक घेतलं. आणि 'मला नाण्यांतलं काही कळत नाही, जसं आहे तसं विकतो आहे' हे वाक्य आलं की नाना आयग्लास खाली ठेवतात. "ज्याले काई समजत नही," ते म्हणतात, "त्याले पैसा कितला मांगाना हाई बरोबर समजस."

एकाने तर कमाल केली. 'सुरतेच्या लुटीतला अस्सल शिवराई होन, फक्त सुरतेतच मिळेल.' नानांनी त्याला फोन लावला आणि खास ठेवणीतली प्रमाण मराठी काढली. "अहो, महाराज सुरतेवर आले १६६४ ला आणि १६७० ला. शिवराई होन पाडला राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ ला. आणि लुटीतला माल सुरतेत कसा राहील? गेला, तीच तर लूट!" पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग भाव निम्म्यावर आला. नाना आजही हा किस्सा सांगतात तेव्हा छाती जरा पुढे येते. सुरतेत राहून तो विषय एवढ्या हक्काने काढायची संधी मराठी माणसाला क्वचित मिळते.

विक्रेता आणि पारखी यांच्या या भांडणावर अमेरिकेत डबीचा तोडगा निघाला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी केली होती. १९८६ च्या सुमारास पीसीजीएस आणि पाठोपाठ एनजीसी या कंपन्या निघाल्या. नाणं तपासायचं, गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं, म्हणजे विक्रेत्याच्या विशेषणांना किंमत उरत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणीछाप रुपयाला साता समुद्रापार परीक्षेला बसवायची सोय नाही. राहिली साधी नाणी, तर त्यांना परीक्षेची फी स्वतःच्या किमतीहून जड. अशी ही बिनडबीची नाणी शेवटी नवागामच्या ओट्यावर येतात. नानांची पट्टी ७० गुणांची नाही. तिला तीनच पायऱ्या आहेत: 'घासेल', 'बरं' आणि 'माझं'.

गल्लीतली एक म्हातारी माय पदराच्या गाठीतून राणीछाप रुपया घेऊन आली. "नाना, हाई कितलाले जाई?" नानांनी आयग्लास लावला, कड फिरवली, आणि अगदी वरच्या टोकाला त्यांना खरबरीत ठिपका सापडला. कधीकाळी त्या रुपयाला कडी डाकवून माळेत ओवलं होतं, नंतर कडी काढून जागा घासली होती. "माय, कडीनी खूण शे. शौकीन घेत नही. चांदीना भाव येई." आणि वर तोंडाला सवय म्हणून: "घासेल शे." निकाल अचूक होता. पण मायने रुपया परत गाठीत बांधला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग. दिवाळीले लक्ष्मी काई आयग्लास लाईसन येत नही." नानांना पुढचे दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

'माझं' या पायरीवर सर्वांत वर बसला आहे तो सुरतेचा रुपया. इंग्रजांनी शहराचा कारभार हाती घेतल्यावरही इथला रुपया दिल्लीच्या बादशहाच्या, दुसऱ्या शाह आलमच्या नावानेच पडत राहिला, राज्यवर्ष ४६. बादशहा १८०६ साली वारला, तरी रुपयावरचं ४६ वं वर्ष संपेना. पुढे मुंबईच्या टांकसाळीत यंत्रावर पडलेल्या रुपयांवरही गाव सुरतच. नानांच्या रुपयावर फारसी अक्षरं अर्धी आहेत, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. शिवाय जुन्या सराफांनी चांदी तपासायला मारलेले दोन-तीन चरे आहेत. हेच चरे दुसऱ्याच्या नाण्यावर असते तर नानांनी नाकाला पदर लावला असता. इथे ते म्हणतात, "ही पारख आहे. सराफाने सही केली आहे त्यावर."

नानांची टर उडवताना एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. गल्लीतल्या एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करणाऱ्या एका पोराला व्हिडिओत दिसलं की २०१२ च्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतात. नाणं त्याच्याकडे होतं. फोन केला तर पलीकडच्या माणसाने रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद पाठवला आणि नोंदणीचे आठशे रुपये मागितले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपल्या नावाने कुणी शुल्क, कमिशन किंवा कर मागितला तर देऊ नका. ते निवेदन त्या पोरापर्यंत पोचलं नव्हतं, नाना पोचले. त्यांनी फोन हातात घेतला. "शेठ, तुम्ही दहा लाख देणार ना? मग आठशे त्यातूनच कापून घ्या. उरलेले नऊ लाख नव्व्याण्णव हजार दोनशे पाठवा." फोन बंद झाला तो झालाच. मग नानांनी पोराचं नाणं उजेडात धरलं, दोन्ही बाजू पाहिल्या आणि परत दिलं. "तसंही घासेल शे."

राम दरबारवाल्यांवर तर त्यांचा विशेष राग. एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल, असं पितळी-तांब्याचं बिल्ला-नाणं लाखांना विकायला येतं. तांदूळ ओढून घेतं अशीही ख्याती सांगतात. कंपनीने असलं राम दरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. हे देवळाबाहेरच्या दुकानातले बिल्ले. गंमत अशी की राम-सीतेचं अस्सल नाणं पाडलं ते अकबराने, आणि ते बघायचं तर संग्रहालय गाठावं लागतं.

आता राहिले डिंडोलीचे तात्या. तात्या म्हणजे रस्त्यापलीकडचे नाना. दोघांमध्ये एक १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आहे. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा निघाला की तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. तो रुपया मागे घेतला आणि १९१२ पासून सोंड सुधारली. त्यामुळे १९११ चा रुपया शौकिनांना प्यारा. तो नानांनी तात्यांकडून घेतला, तेव्हा तो नानांच्या मते 'व्हीएफ' म्हणजे 'व्हेरी फाइन'च्याही खाली होता. पुढे नातीच्या फीसाठी तात्यांनाच विकला, तेव्हा त्याचा 'एक्सएफ' म्हणजे 'एक्स्ट्रीमली फाइन' झाला होता. तात्यांनी अर्थात तो 'व्हीएफ' म्हणूनच घेतला आणि घरी पोचेपर्यंत सुधारला. तेव्हापासून रुपया रस्ता ओलांडतो आहे. फायदा कोणाला नाही, तोटाही नाही, चहा मात्र दोन्ही घरच्या सुनांना करावा लागतो.

दर सौद्यात दोघंही अंगठा ठेवून एकमेकांना तो हत्ती दाखवतात. हाई पहा सोंड. कुठे शे सोंड? हाई काय!

परवा रुपया पुन्हा नानांकडे यायचा होता. नानांनी आयग्लास लावला आणि बराच वेळ काढला नाही. हत्तीचा नुसता उंचवटा उरला होता.

"घासेल शे," नाना म्हणाले.

"कोनी घासं?" तात्यांनी विचारलं.

यावर दोन कप चहा झाला, भाव दोनशेने उतरला आणि रुपया नानांच्या डब्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई भांडी लावत होत्या तेव्हा नाना फोनवर कोणाला तरी सांगत होते, "एक्सएफ आहे. सोंड डोळ्याला दिसत नाही म्हणून काय झालं, बोटाला लागते!"