टेबलकर

मंगळवारी संध्याकाळी सात-सव्वासातला मीरा रोडच्या एखाद्या वातानुकूलित फॅमिली रेस्टॉरंटच्या दारात नीटनेटके कपडे केलेलं एक कुटुंब उभं दिसलं, आतली झाडून सगळी टेबलं रिकामी असली आणि तरीही ते आत जात नसलं, तर त्यांचं बुकिंग साडेसातचं आहे असं खुशाल समजावं. कुटुंबप्रमुख ते आपले टेबलकर. मुक्काम गोडदेव, भाईंदर पूर्व. हे आडनाव अर्थात आम्ही बहाल केलेलं. शिधापत्रिकेवर ते पाटील असतील, म्हात्रे असतील, नाहीतर कोकणातून येऊन इथे रुजलेले सावंत. गोडदेव नाक्यावर खाण्याची काही ददात नाही. वडापाव आहे, चायनीजच्या गाड्या आहेत, उडप्याकडचा डोसा आहे. पण तिथला पोऱ्या फडका मारता मारता नुसत्या मानेने जागा दाखवतो आणि समोरच्या बाकड्यावर कुणी अनोळखी गृहस्थ आधीच सांबार ओरपत असतो. असल्या खाण्याची टेबलकर बाहेर जेवण्यात गणती करत नाहीत. बाहेर जेवायचं म्हणजे आधी दोन-तीन ॲप उघडायची, सवलती ताडून पाहायच्या, स्लॉट धरायचा, 'कन्फर्म्ड' असा निरोप आला की तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा (घरचे तेव्हा शेजारच्याच खोलीत असतात) आणि मग रिक्षा बोलवायची.

सोसायटीत त्यांची ख्याती चिकट माणूस अशी आहे. हा आरोप मला मान्य नाही, आणि त्याला हिशेबाचाच पुरावा आहे. समजा चौघांना मनापासून जे खायचं आहे त्याचं बिल साडेअकराशे रुपये होतं. ॲपवर वीस टक्के सूट आहे, पण किमान बिल पंधराशेचं हवं. मग टेबलकर पनीर टिक्का मागवतात, आणि निळ्या रंगाचं एक सरबतही, जे कुणालाच नको असतं. पंधराशेतून तीनशे वजा, हाती बाराशे. कर बाजूला ठेवला तरी तीनशे रुपये 'वाचवण्यासाठी' गृहस्थांनी पन्नास रुपये जास्त मोजले, रिक्षाचे वेगळेच. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. यावर कुणी म्हणेल, अहो, पन्नास रुपयांत पनीर टिक्का आणि सरबत काय वाईट? मुळीच वाईट नाही. पनीर टिक्का घरात कुणाला हवा असता तर. तो बहुधा डब्यात भरून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून ऑफिसला जातो. शिवाय खरा चिकट माणूस टिप ठेवत नाही. सेवाशुल्क सक्तीने लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं, हे टेबलकरांना तोंडपाठ आहे. ते शुल्क ते हटकून काढायला लावतात आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातावर ठेवतात. का, तर दारात त्याने "टेबलकर सर ना?" असं विचारलेलं असतं. माझा संशय असा की त्यांची सगळी खटपट या तीन शब्दांसाठी चाललेली असते. सूट हे त्यांनी स्वतःलाच दिलेलं निमित्त.

मुळात टेबल आगाऊ धरायची सोय निघाली ती टंचाईमुळे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९८ मध्ये ओपनटेबल सुरू झालं, त्या शहरात चांगल्या ठिकाणी खुर्ची मिळायची मारामार होती. फोनवर टेबल धरून न उगवणारे लोक ही हॉटेलवाल्यांची जुनी डोकेदुखी. म्हणून बुक करून प्रत्यक्ष येणाऱ्याच्या खात्यात पॉइंट जमा होऊ लागले. आपल्याकडे ही पद्धत आली ती मात्र उलट्या बाजूने. मुंबईत ज्या ठिकाणी जागेची खरी टंचाई आहे तिथे ॲप चालत नाही. माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये १९४२ पासून लोक आपली पाळी यायची वाट बघत जेवताहेत. तिथे तुम्ही कोण, तुमचे पॉइंट किती, याची कुणाला पडलेली नाही. ॲपवर टेबल अगदी सहज मिळतं ते बहुतेक वेळा टेबल रिकामंच राहणार असतं म्हणून. सवलतीचे आकडे तेच सांगतात: साडेसातला सूट घसघशीत, नऊला निम्मी, रविवारी रात्री 'लागू नाही'. म्हणजे हॉटेलचा रिता तास भरून काढायला भाईंदरहून एक चौकोनी कुटुंब मागवलेलं असतं. मालकाला गुंडाळल्याच्या आनंदात टेबलकर घरी येतात, आणि मालकाने तर त्यांना काचेजवळच्या टेबलावर बसवलेलं असतं, रस्त्यावरून जाणाऱ्यांना हॉटेल चालतंय असं वाटावं म्हणून.

पॉइंटांचं गारुडही असंच. जोसेफ नुनेस आणि झेवियर ड्रेझ या दोन संशोधकांनी एका कार धुण्याच्या केंद्रावर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं. पण दुसऱ्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठदाच धुवायची होती. तरी पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. टेबलकर हे जन्मजात दुसऱ्या गटातले. 'स्वागताचे पॉइंट' खात्यात पडल्याक्षणी त्यांना आपण अर्धी वाट चालून आलो असं वाटू लागतं, आणि ते पॉइंट महिनाअखेर बाद होणार असं कळलं की भूक नसतानाही ते जेवायला निघतात. ही नशा हॉटेलवाल्यांनाही महागात पडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटो गोल्ड आलं: वर्गणी भरा, एका पदार्थावर एक फुकट. ऑगस्ट २०१९ पर्यंत हॉटेलवाले इतके मेटाकुटीला आले की त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'लॉगआउट'ची हाक दिली आणि अनेक शहरांतली शेकडो हॉटेलं अशा योजनांतून बाहेर पडली. गिऱ्हाइकाला सवलतीचं व्यसन लागलंय, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. फक्त ते व्यसन लावायला सह्या करताना त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

इतकं सगळं कळूनही टेबलकर थांबत नाहीत, म्हणून त्यांना बावळट ठरवायला लोक मोकळे होतात. पण ते राहतात कुठे हे जरा पाहा. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. दहा वर्षांत जवळपास तीन लाख माणसं वाढली, आणि तितक्या खुर्च्या काही वाढल्या नाहीत. सकाळी विरारहून येणारी गाडी भाईंदरला आत शिरू देत नाही. भाईंदरहूनच सुटणाऱ्या गाडीत मीरा रोड-बोरिवलीहून उलटे बसून आलेले लोक खिडक्या धरून असतात. शेअर रिक्षाला रांग, बँकेत टोकन, लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस त्याच्या मठ्ठ्याच्या वाटीकडे नजर लावून उभा. अशा गावात दिवसभर धक्के खाल्लेल्या माणसाला कुणीतरी लेखी कळवतं, की अमुक वाजता, अमुक ठिकाणी, तुमच्या नावाने चार खुर्च्या ठेवल्या आहेत. त्याने पन्नास रुपये जास्त दिले तर बिघडलं कुठे? हा निव्वळ मिरवण्याचा सोस आहे, असा एक आक्षेप घेता येईल. पण मिरवायला प्रेक्षक लागतात, आणि मंगळवारी साडेसातला तिथे मॅनेजर आणि माशांच्या टाकीशिवाय कुणीच नसतं. दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे: जागेचाच मान हवा तर सूट न घेता बुक करावं. ते मात्र टेबलकरांना झेपणार नाही. नुसत्या मानासाठी पैसे मोजले असं बायकोला सांगता येत नाही. तीनशे वाचवले असं सांगता येतं. ती हिशेबात त्यांच्याहून पक्की असल्यामुळे तिला खरं काय ते ठाऊक असतं, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाक करावा लागणार नसल्यामुळे ती गप्प बसते.

त्यांचा खरा अपराध निराळाच आहे, आणि त्याबद्दल सोसायटीत कुणी बोलत नाही. रविवारसाठी ते एकाच वेळेची दोन टेबलं दोन ॲपवर धरतात, 'एक हाताशी असावं' म्हणून. नको असलेलं रद्द करायचं राहून जातं. मग तिकडे गर्दीच्या वेळी एक टेबल 'रिझर्व्ह्ड'ची पाटी लावून बसतं, नि दाराशी पोरंबाळं घेऊन लोक ताटकळतात. आठ वाजताच्या गाडीत रुमाल टाकून न आलेल्या मित्रासाठी जागा अडवणाऱ्यांना टेबलकर गेली कित्येक वर्षं शिव्या देत आलेत. रविवारच्या टेबलाशी त्याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही येत नाही. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी बुकिंगच्या वेळीच थोडी रक्कम घेतात. आलात तर बिलातून वळती, नाही आलात तर बुडाली. टेबलकरांना हा धडधडीत अविश्वास वाटला. त्यांनी ॲपला एक तारा दिला, खाली चार ओळींत खडसावलं, आणि रक्कम भरून त्याच ॲपवरून पुढच्या रविवारचं टेबल धरलं.