आता तूच कर्ता

राख सावडून झाली की भावकीतले चार जण अंगणात टेकतात. चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "रडू नको. आता तूच घरातला कर्ता."

पोरगं रडत नाही.

मग सगळे म्हणतात, केवढं समजूतदार आहे!

समजूतदार? बापाला सगळ्यात आधी त्यानंच पाहिलं. त्या दिवसापासून ते गोठ्यात पाऊल टाकत नाही. रात्री दिवा मालवू देत नाही. वर्गाचं दार आपटलं तरी बाकावरून ताडकन उठतं. पोट दुखतं म्हणून आई त्याला दोनदा आरोग्य केंद्रात घेऊन गेली, दोन्ही वेळा गोळ्या मिळाल्या. दुखणं पोटात नव्हतंच.

धाकटी बहीण सहा वर्षांची. तिला सांगितलंय, बाबा गावाला गेलेत. दुपारची एसटी फाट्यावर थांबली की ती दारात जाऊन उभी राहते. रोज.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, शेतकरी आत्महत्येनंतरचं घर हे असं असतं. वर्तमानपत्रात त्याची एक ओळ येते. ती ओळ ज्या घरातून येते, तिथं पुढची वीस वर्षं काय चालतं, ते कोण विचारतं?

सरकार विचारतं. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज होतं का? थकलं होतं का? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं निकषात बसली तर प्रकरण 'पात्र'. २००५च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. नाही बसली तर 'अपात्र'.

नवरा गेलेल्या बाईला तालुक्याच्या कचेरीत हा शब्द ऐकावा लागतो. अपात्र!

आणि जे पात्र ठरतात, त्यांच्या तरी फायलीत असा एखादा रकाना आहे का, की पोरं झोपतात का? आई जेवते का? तिच्याशी कुणी बोलतं का?

मानसिक आरोग्य कायदा २०१७चा. त्याचं कलम ११५ सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला उपचार, आधार, पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य. चांगलं कलम आहे. पण ते वाचलेल्या माणसाबद्दल आहे. जो वाचला नाही, त्याच्या घरातल्यांचं काय?

आता आपल्याकडे वळू. सरकारला बोलणं सोपं असतं.

सांत्वनाला जाणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न काय विचारतो? "कसं झालं?" बाई सांगते. तासाभरानं दुसरी जीप येते, ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. नणंदेला सांगते, सरपंचाला सांगते, कॅमेरा घेऊन आलेल्या पोरालाही सांगते. आपण समजतो, बोलल्यानं मन मोकळं होतं. होतं ना! पण जेव्हा तिला बोलावंसं वाटेल तेव्हा, आणि ज्याच्यापाशी वाटेल त्याच्यापाशी. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचारही हेच सांगतो: जवळ बसा, पाणी द्या, ऐका, पण खोदून विचारू नका.

मन मोकळं करणं वेगळं, जबानी देणं वेगळं.

पुढचा घाव तर आपण रीत म्हणून घालतो. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, वर "हिचाच पायगुण" म्हणायचं. आघात एकदा झाला होता, आपण तो पुन्हा करतो, तोही चारचौघांत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये ठराव केला: आमच्या गावात हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांना परिपत्रक काढून सांगितलं, हेरवाडसारखं करा. त्या ठरावाला ना डॉक्टर लागला, ना निधी. मनावरच्या उपचाराची पहिली पायरी एका ग्रामसभेत बसून गाठता येते. तुमच्या गावाच्या ग्रामसभेत हा विषय कधी आला होता?

पुढच्या पायऱ्यांना मात्र जाणतं माणूस लागतं. महिना उलटला तरी स्वप्नं थांबत नाहीत, दचकणं जात नाही, पोर अंथरूण ओलं करू लागतं, एरवी शांत असलेलं कडाकडा भांडू लागतं, तर ते 'काळ जाईल तसं' या भरवशावर सोडायचं नाही. यावर उपचार आहेत, बोलण्यातून होणारे, शिकलेल्या माणसानं करायचे. मुलं बरी होतात. पुन्हा शाळेत जातात, खेळतात, बापाची आठवण काढून रडतात आणि रडून झोपतातही.

पण जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६पासून आहे. गावापासून जिल्ह्याचं ठिकाण साठ किलोमीटर असेल, तर एका खेपेला मजुरीचा एक दिवस जातो. आणि हा उपचार एका खेपेत होत नाही. नवरा गेलेल्या बाईनं असे किती दिवस बुडवायचे?

वर लोक काय म्हणतील! देवऋष्याकडे आपण दिवसाउजेडी जातो, मानसोपचारतज्ज्ञाकडे मात्र तोंडाला फडकं बांधून.

२०१५मध्ये विदर्भ-मराठवाड्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघर जाऊन ताण ओळखायचा, गरज असेल त्याला पुढे पाठवायचं. कल्पना अगदी बरोबर, कारण त्या बाईच्या चुलीपर्यंत जाऊ शकणारी आरोग्य खात्यातली माणसं म्हणजे आशाच. पण त्याच आशाताईंना लसीकरणही करून घ्यायचंय, बाळंतपणंही बघायचीत आणि दरवर्षी मानधनासाठी मोर्चाही काढायचाय. ज्या बाईवर आपण दुसऱ्यांच्या मनाचं ओझं टाकतो, तिचं ओझं कोण उचलणार?

मानसिक आजारांच्या स्वमदत गटांनी मराठीत दोन शब्द रुजवलेत. आजारी माणूस म्हणजे शुभार्थी, त्याला सांभाळणारा शुभंकर. हे गट अजून शहरांतच जास्त. गावात शुभंकर व्हायला मामा, मावशी, वर्गशिक्षक, शेजारीण अशी माणसं आहेतच. त्यांना फक्त काय बोलू नये, ते कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून सांगतो. पुढच्या वेळी अशा घरी जाल, तेव्हा त्या पोराला कर्ता म्हणू नका. त्याला घेऊन शेताच्या बांधावर बसा, गप्प बसलात तरी चालेल. धाकटीला खरं सांगा, तिला कळेल अशा शब्दांत, आईच्या मांडीवर बसवून. बाईला "कसं झालं" विचारू नका, "जेवलीस का" विचारा. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा पुन्हा जा.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात एक नंबर लिहून द्या: १४४१६. टेली-मानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीत. पहिला फोन तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या.