मागच्या दीर्घिकेची भानगड

"नलूताई, काल रात्री दीड वाजता तुमच्या मधल्या खोलीत दिवा होता. कुणाला बरं नाहीये का?"

"सगळे ठणठणीत आहेत, मंदावहिनी. मी भिंगं शोधत होते."

"अगंबाई, चष्मा हरवला?"

"छे हो, आकाशातली भिंगं! नातीनं लॅपटॉपवर लावून दिलंय. मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो एकामागून एक येतात. आपण बघायचं आणि संशय आला की खूण करायची."

"संशय कसला?"

"मध्ये एक पिवळट, फुगीर दीर्घिका असते. तिच्या अंगाला निळी बारीक कोर दिसली, की समजायचं काहीतरी भानगड आहे. ती कोर त्या पिवळीची नसतेच. तिच्या पार मागे, कितीतरी लांब दुसरीच एखादी दीर्घिका असते, तिची असते. पुढचीचं वस्तुमान इतकं अफाट, की भोवतीचं अवकाशच वाकतं. मग मागचीचा उजेड वळसा घालून येतो आणि ती आपल्याला ताणलेली, मोठी झालेली दिसते. पुढचीच भिंगाचं काम करते. कधी दोनदा दिसते, कधी चारदा, आणि अगदी सरळ रेषेत आली तर पूर्ण कडं."

"म्हणजे जी आडोशाला लपायची, तीच जास्त दिसते! बरं झालं. पण हे काम कॉम्प्युटरला का नाही देत? तुम्ही कशाला डोळे फोडून घेताय?"

"दिलं होतं हो. हवाईत डोंगरावर एक दुर्बीण आहे, तिचे फोटो कॉम्प्युटरनं आधी चाळले होते. मग २०१३ मध्ये 'स्पेस वॉर्प्स' नावाचा उपक्रम निघाला आणि तेच फोटो साध्या माणसांपुढे ठेवले. ३७ हजार लोक बसले बघायला! आठ महिन्यांत ४ लाख ३० हजार तुकडे बघून झाले, आणि कॉम्प्युटरच्या नजरेतून सुटलेले २९ नवे उमेदवार निघाले. ते सगळं जुळवणाऱ्या तिघांत एक डॉ. अनुप्रीता मोरे. आता त्या आपल्या पुण्यातच आहेत, आयुका या खगोलसंस्थेत."

"आयुका म्हणजे विद्यापीठातलं, नारळीकरांचं? मग भाजी आणायला जाताना भेटल्या असतील तुम्हाला."

"नाही हो, अजून नाही."

"मला एक सांगा, कुणीही उठून खूण केली तर खरं मानायचं कशावरून? आपल्या गल्लीत मागे एकानं चोर बघितला म्हणून सगळ्यांनी बघितला."

"त्याची सोय आहे. मध्येच खोटी भिंगं पेरलेली असतात, मुद्दाम बनवलेली. आणि जिथं काही नाही हे आधीच ठाऊक आहे, असेही फोटो असतात. तुम्ही खोटं भिंग ओळखलंत तर तुमच्या शब्दाला वजन. उगाच जिथं तिथं खुणा केल्यात तर तुमचं म्हणणं हलकं धरतात. सगळा हिशोब आत चालू असतो."

"बाई बाई! अशी सोय आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हवी."

"गंमत सांगू? या सगळ्याच्या मुळाशीसुद्धा एक हौशी माणूसच आहे. रूडी मांडल, चेकोस्लोव्हाकियाकडचा. १९३६ मध्ये एका ताऱ्याच्या मागे दुसरा तारा आला तर काय होईल, ही कल्पना घेऊन तो अमेरिकेत दारोदार फिरत होता. वॉशिंग्टनच्या एका विज्ञानसंस्थेनं त्याला प्रवासापुरते पैसे दिले आणि प्रिन्स्टनला धाडलं. थेट आइन्स्टाइनकडे!"

"हाकलून दिलं असेल."

"मुळीच नाही. नीट ऐकून घेतलं, आणि त्यानं लकडा लावला म्हणून छोटासा लेखही लिहिला. पण संपादकांना कळवलं, की याला फारशी किंमत नाही, त्या बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटेल. लेखातही लिहिलं, की हे प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही."

"मोठ्या माणसांचं असंच."

"थांबा, खरी मजा पुढे आहे. पुढं अभ्यासकांनी आइन्स्टाइनची जुनी वही चाळली, तर हेच गणित त्यानं स्वतः १९१२ मध्ये करून ठेवलेलं! करून विसरला होता."

"ऐका! म्हणजे आमच्या ह्यांनाच बोल लावायला नको."

"आणि १९३७ मध्ये झ्विकी नावाचा खगोलशास्त्रज्ञ म्हणाला, ताऱ्यांचं काय घेऊन बसलात, अख्ख्या दीर्घिका भिंगाचं काम करतील. ते दिसायला १९७९ उजाडलं. सप्तर्षीच्या भागात दोन क्वेसार, म्हणजे लांबच्या दीर्घिकांचे लखलखते गाभे, सापडले, अगदी शेजारी शेजारी. वर्णपट काढला तर दोघांचा एकच. जुळे नव्हतेच ते, एकच क्वेसार दोनदा दिसत होता. एका वाटेचा उजेड दुसरीपेक्षा ४१७ दिवस उशिरा पोचतो."

"म्हणजे तीच बातमी सव्वा वर्षानं परत. आमच्या नणंदेचा फोन!"

"बघा, किती पटकन कळलं तुम्हाला. आता वर युक्लिड नावाची दुर्बीण आहे, २०२३ मध्ये सोडली. तिच्या पहिल्याच हप्त्यात २ कोटी ६० लाख दीर्घिका होत्या. आधी कॉम्प्युटर चाळतो, मग आमच्यासारखे हजारावर हौशी बघतात, शेवटी तज्ज्ञ. असं करत ४९७ उमेदवार निघाले. आणि कालेय तारकासमूहात एनजीसी ६५०५ म्हणून एक दीर्घिका आहे, ५९ कोटी प्रकाशवर्षांवर. ती १८८४ पासून सगळ्यांना ठाऊक. तिच्या अगदी मधोमध पूर्ण कडं निघालं, ४४२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचं. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही."

"उमेदवार उमेदवार काय म्हणताय मघापासून? सापडलं म्हणा ना."

"तसं नाही म्हणता येत. पुढचीचा आणि कोरीचा वर्णपट काढून दोघींची अंतरं वेगळी आहेत हे दाखवावं लागतं. तोवर उमेदवारच. फसवणारे काय थोडे आहेत? सर्पिल दीर्घिकेचा हात कोरीसारखा दिसतो. काही दीर्घिकांना मुळातच कडं असतं. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या तरी शेपट्या निघतात. म्हणून मी रंग बघते. एकाच उजेडाचे तुकडे, तर रंग सारखा हवा. आणि कोरीचा बाक मधल्या दीर्घिकेभोवती हवा, बाहेर वळलेला नको."

"दाखवा बरं तुमचा लॅपटॉप. इथं, भिंतीवर ठेवा. कुंडी सरकवा ती."

"सांभाळून हां. हा बघा, रात्रभर माझ्या डोक्यात बसलाय. मध्ये पिवळी, दोन बाजूंना दोन ठिपके. किती सुरेख जुळतंय!"

"कुठं जुळतंय? हा निळा आहे आणि तो चक्क तांबूस. दोन वेगळ्या घरच्या आहेत या, नलूताई. पुढचा लावा."