जागच्या जागी निलंबित!

आढावा बैठक रंगात येते. मंत्रिमहोदय माईक ओढून घेतात, समोरच्या अधिकाऱ्याला उभं करतात आणि गरजतात, "याला आत्ताच्या आत्ता सस्पेंड करा!" टाळ्या पडतात, मोबाइल वर होतात आणि संध्याकाळपर्यंत रील जिल्हाभर फिरते. आदेश तेवढा निघायचा असतो. आरोप नेमका काय लिहायचा, हे टिपणी तयार करणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

गंमत अशी की कायद्याच्या लेखी निलंबन ही शिक्षाच नाही. साहेबांनी कागद गायब करू नयेत, साक्षीदारांना दम देऊ नये, म्हणून त्यांना खुर्चीपासून लांब ठेवायचं, एवढंच. आदेशाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: निलंबनकाळात मुख्यालय अमुक राहील, परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. मग गडी तिथे खोली घेऊन बसतो, 'मी दुसरा कामधंदा करत नाही' असं लिहून देतो आणि साधारण अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून घेतो. चौकशी सरकारमुळेच रखडली, तर पुढे तो भत्ता वाढतोही. काम शून्य, पैसे तुमचे-आमचे.

एके काळी आपण दुसरं टोकही गाठलं होतं. खटल्यात शिक्षा झालेल्या आणि अपिलात गेलेल्या निलंबिताला निर्वाह भत्ता किती? महिना एक रुपया! महाराष्ट्रातला हा नियम १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. एका रुपयात निर्वाह कसा करायचा, हे नियम लिहिणाऱ्याने काही लिहून ठेवलं नव्हतं.

आणि निलंबन लांबतं तरी किती? मुंबई पोलिसांतले सचिन वाझे बघा. २००४ साली निलंबित, २०२० साली पुन्हा खाकीत, मे २०२१ मध्ये बडतर्फ. ही बडतर्फीही राज्यघटनेच्या कलम ३११ मधली पळवाट धरून, म्हणजे चौकशी करणं व्यवहार्य नाही असं सांगून. सोळा वर्षं घोळ घालायला सवड होती, बरं का.

दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे ताणू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावलं. राज्य शासनानेही २०१९ मध्ये ९० दिवसांची मुदत घातली. पण दोषारोपपत्र म्हणजे रील नव्हे. तारखा, पावत्या, साक्षीदार, सगळं जुळवून बसावं लागतं. त्याला टाळ्या नाहीत, म्हणून ते कोणी लिहीत नाही. निर्दोष माणूस तीन महिने शेजाऱ्यांच्या नजरा चुकवतो. खरा खाबू मात्र निवांत दिवस मोजतो. एक्याण्णवाव्या दिवशी वकील मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, उभा राहतो आणि साहेब रुजू होतात.

मंत्र्यांच्या पुढच्या दौऱ्यात विश्रामगृहाच्या पायरीवर पुष्पगुच्छ घेऊन पहिला उभा असतो, तो हाच.